उतारवयांतील निवारा
(महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं घराच्या किंमतीविषयीं बोलणें कांहींसें विजोड वाटेल. परंतु १९९७ सालीं वारजे महानगरपालिकेंत आलें, तेव्हां ज्यांनीं उमेदीनें येथें घर घेतलें, त्यांचे केस आतां पांढरे झाले आहेत. मुलें परगांवीं, जिना चढवत नाहीं, मग "फादर, आम्हीं राहावें कोठें?" हा प्रश्न माझ्या दारीं येतो.

वृद्धांसाठीं बांधलेल्या वसाहतींत सदनिका विकत घ्यावी, हा एक मार्ग. पुण्यांत परांजपे यांच्या 'अथश्री' वसाहती आहेत. घर आपल्या नांवावर होतें, परंतु देखभालीचा मासिक खर्च सुटत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत अनामत ठेवून दरमहा शुल्क द्यावयाचें. घर आपलें होत नाहीं. अनामत केव्हां, किती व कोणास परत मिळेल, आणि अंथरूण धरल्यावर शुश्रूषा कोण करील, हें आधीं कागदावर घ्यावें. आज मासिक २०,००० रुपये पडत असतील आणि दरसाल शेंकडा ८ वाढ झाली, तर नऊ वर्षांत ती रक्कम जवळजवळ ४०,००० होते. कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांचें पेन्शन असें दुप्पट होत नाहीं, हें येथें बसलेल्या पुष्कळांस मीं सांगावयास नको. महारेरानें २०२४ सालीं अशा नव्या वसाहतींस उद्वाहन, रुंद दारें इत्यादि बंधनकारक केलीं. पाहावयास जातांना मोजपट्टी बरोबर न्यावी.

आपल्याच घरीं राहून त्यावर बँकेकडून दरमहा रक्कम घेण्याची 'रिव्हर्स मॉर्गेज' योजना साठ वर्षांवरील घरमालकांस आहे. मात्र कर्ज व व्याज अखेर बहुधा घर विकूनच फिटतें.

ज्यांस घरच नाहीं त्यांचें काय? १८३९ सालीं फ्रान्समध्यें संत जीन जुगान हिनें एका अंध वृद्धेस आपला बिछाना दिला व स्वतः माळ्यावर निजली. तिच्या संघाच्या भगिनी १८८२ सालीं कलकत्त्यास आल्या. अशा धर्मार्थ घरांत निर्धनांसहि आसरा मिळतो, परंतु खाटा मोजक्याच असतात.

आतां जें मला मुख्यतः सांगावयाचें आहे तें. जिवंतपणीं आपली मालमत्ता पुत्राच्या वा बंधूच्या हातीं देऊं नये, असें ज्ञानी बेन सिरा ३३व्या अध्यायांत बजावितो. मीं हा अध्याय गुरुविद्यालयांत पढलों होतों. तरीहि कांहीं वर्षांपूर्वीं एका विधवा आजीबाईंच्या बक्षीसपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली. मुलगा प्रार्थनेस नियमित येणारा. संशय घ्यावा तरी कसा? पुढें घर विकलें गेलें. ज्येष्ठ नागरिकांसंबंधींच्या २००७ च्या कायद्याचें २३वें कलम असें बक्षीस रद्द करूं शकतें, पण सांभाळण्याच्या अटीवर तें दिलें असेल तर. आमच्या कागदांत अटीचा एक शब्द नव्हता, आणि न्यायाधिकरणाकडे जाण्यास आजीबाई तयार नव्हत्या. "पोर माझेंच आहे," म्हणाल्या.

आज त्या एका वृद्धाश्रमांत आहेत. दर पहिल्या शुक्रवारीं मी त्यांना ख्रिस्तशरीर नेऊन देतों. त्यांनीं मला कधीं दोष दिला नाहीं. परंतु यापुढें आपल्यापैकीं कोणी मजकडे साक्षीदाराच्या सहीसाठीं कागद आणील, तर अटीचें कलम मी आधीं वाचावयास मागेन. तें नसेल, तर राग मानूं नये. कागद परत न्यावा.