संगणकातील माहितीचा बॅकअप

हार्ड डिस्क बिघडली, लॅपटॉप चोरीला गेला किंवा व्हायरस शिरला, तर एकाच जागी ठेवलेली माहिती कायमची जाते. सातबारा उतारा ऑनलाइन पुन्हा काढता येतो; घरचे फोटो आणि दुकानाचे हिशेब मात्र परत मिळत नाहीत. म्हणून बॅकअपची सुरुवात त्यांच्यापासून करावी.

यासाठी ३-२-१ हा नियम रूढ आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. मूळ प्रत संगणकावर असते. दुसरी बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी. विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ हे काम आपोआप करते. नंतर डिस्क काढून ठेवावी, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप घालते. तिसरी प्रत क्लाउडवर ठेवावी. इंटरनेट मंद असल्यास दुसरी डिस्क परगावी ठेवावी. ते गाव त्याच जिल्ह्यातले पण दूरचे असले, तरी चालते. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. त्यातल्या कोपरगावात गोदावरीला पूर आला, तरी त्याच जिल्ह्यातल्या जामखेडच्या नातेवाइकांकडची डिस्क सुरक्षित राहते.

३१ मार्च हा आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस आणि जागतिक बॅकअप दिनही. त्या दिवशी हिशेबाबरोबर बॅकअपही तपासावा. त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. उघडली नाही, तर तो बॅकअप नव्हेच.