कादंबरीतील परके शब्द



किरण नगरकर यांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही कादंबरी १९७४ साली प्रसिद्ध झाली. पाढे घोकून घेणाऱ्या शिक्षकास तिचे नावच प्रथम खटकावे. परंतु खरी अडचण पुढे आहे. मराठी वाक्य चालता चालता इंग्रजीत शिरते, मध्येच हिंदीकडे वळते, आणि लेखक वाचकासाठी दुभाषा नेमीत नाही.

कित्येकांस हा भाषेचा भ्रष्टाकार वाटतो. तसे म्हणावयाचे तर बखरींचे गद्यही फारसी शब्दांनी भरलेले आहे. शिवछत्रपतींच्या काळी राज्यव्यवहारकोश रचावा लागला, तो काही उगीच नव्हे. मुंबईचा मनुष्य तीन भाषांत विचार करीत असेल, तर त्याचे मन एकाच भाषेत मांडणे हेच कृत्रिम ठरेल.

ज्याचे इंग्रजी बेताचे आहे, अशा वाचकाने प्रत्येक शब्दापाशी थांबू नये. शब्दाखाली पेन्सिलीची रेघ ओढावी व पुढे जावे. पुष्कळ शब्द पुढील दोन वाक्यांत आपला अर्थ आपणच सांगतात. काही मात्र सांगत नाहीत. पात्राने इंग्रजीचा आश्रय थट्टेसाठी घेतला की राग झाकण्यासाठी, हे न कळल्यास सारा प्रसंगच निसटतो. तेथे कोश उघडलाच पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकास या वाचनाचा आणखी एक उपयोग आहे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कानडी घरचे मूल, किंवा शहरातील विणकरांच्या वस्तीतील तेलुगू घरचे मूल, पहिलीचे मराठी पुस्तक उघडते तेव्हा त्याची स्थिती याच वाचकासारखी असते; फक्त त्याच्यापाशी पेन्सिलही नसते आणि कोशही नसतो. कानडीत ‘हालु’ म्हणजे दूध, आणि ‘मनी’ म्हणजे घर. ‘त्याचे फार हाल झाले’ हे वाक्य ऐकून असे मूल हसले, तर ते उनाड नव्हे. त्याच्या डोळ्यांसमोर दुधाचे भांडे उभे असते. ‘मनी दूध प्याली’ या वाक्यात तर घरच दूध पिऊ लागते!

अशा वेळी मुलास दटावण्यापूर्वी ‘का हसलास?’ एवढे विचारावे. उत्तर मिळाले की दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिता येतात. मग त्यांच्याखाली ‘तूप’ आणि ‘तुप्प’ ही जोडी ते मूल आपण होऊन सांगते, आणि मराठी घरची मुले त्याच्याकडे वळून पाहू लागतात.