सकाळची डोकेदुखी

श्रोतेहो, शिरपूरकडे थंडीत एक गाऱ्हाणे हमखास कानी येते: “सर, उठलो की डोकं दुखस.” गारठा बाधला असेल, असे आपण म्हणतो. मी मात्र उलट विचारतो, घरात आणखी कोणाचे दुखते का? आणि अंगणात आल्यावर उतरते का?

उत्तर ‘हो’ आले, तर आधी शेगडीकडे पाहा. सातपुड्याकडचे वारे झोंबते, म्हणून दारे-खिडक्या लावून आपण निखारे उशाशी ठेवतो. धूर दिसत नाही, म्हणून निर्धास्त निजतो. पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ ही पहिली सूचना. झोपेत ती कळत नाही, आणि एखादा माणूस सकाळी उठतच नाही.

तेव्हा निजण्यापूर्वी शेगडी बाहेर ठेवा. वर राख लोटून भागत नाही. कोणी गुंगलेले दिसले, तर दार उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखाना गाठा.

शेगडीचा संबंधच नसेल, तर कारणे दुसरी: पाणी कमी पिणे, मोठ्याने घोरणे, झोपेत दात खाणे, वारंवार डोकेदुखीच्या गोळ्या घेणे. रक्तदाबही मोजून घ्या. दुखणे वाढत चालले, उलट्या झाल्या, नजर अंधुक झाली, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

गुरुजी, एवढे वर्गात सांगाच. मोठ्यांनी विसरलेली शेगडी मुले आठवणीने बाहेर काढायला लावतील.