दिंडीचा औषधाचा डबा

(शताब्दी सप्ताहात लोहा इथं, काल्याच्या आदल्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगण्यात आलं होतं की महाराज, तुम्ही दिंडीचा इतिहास सांगा. पण इतिहास काल आपल्या विणेकरी बाबांनी सांगितला, माझ्यापेक्षा चांगला सांगितला. मी चौथी शिकलेला माणूस. मला बोलायचंय ते आपल्या सामानाच्या गाडीत, गॅसच्या शेगडीशेजारी एक पत्र्याचा डबा असतो, त्याच्याबद्दल. वर कुंकवानं स्वस्तिक काढलेलं आहे, आत गोळ्या आहेत. शंभर वर्षांच्या सोहळ्यात डब्याचं काय घेऊन बसलात म्हणाल. पण या डब्यावरून गेल्या बैठकीत आपल्यात दोन तट पडले, तेव्हा त्याचं एकदाचं सगळ्यांपुढं बोललेलं बरं.

दिंडी सुरू झाली तेव्हा आपला मुलूख निजामाचा, तालुका कंधार. बार्शीला पोचलं की इंग्रजांचा अंमल लागायचा. त्या काळी वारकऱ्याला वाटेत भ्या कशाचं होतं? चोराचं नव्हे, वाघाचं नव्हे. पटकीचं. सकाळी पावली खेळलेला माणूस दिवस मावळायला गेलेला असायचा. माझे वडील सांगायचे, पंढरपुरात शिरायच्या आधी पटकीची सुई टोचून घ्यावी लागायची. दंड सुजायचा, तसल्याच दंडानं टाळ वाजवायचा. आणि गावागावात काय चालायचं? मरीआईचा गाडा वाजत-गाजत शिवेवर नेऊन सोडायचा. म्हणजे आपल्या गावची बला पुढच्या गावच्या शिवारात. ते गाव उठून आणखी पुढच्या शिवेवर नेणार. हा गाडा ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

१८८४ साली रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरानं कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवून दिला. रोग्याच्या जुलाबात तो सापडला, आणि ज्या तळ्याचं पाणी ती माणसं वापरत होती त्या तळ्यातही सापडला. आकार आपल्या स्वल्पविरामासारखा वाकडा. तेव्हापासून हे पक्कं झालं की पटकी कोपातून येत नाही, तांब्यातून येते.

आज पटकी फारशी दिसत नाही, पण पोट बिघडायचं काही थांबलेलं नाही. आमची थोरली सून गावची आशा आहे आणि नातू नांदेडला डी.फार्मसी करतो. त्या दोघांकडून मी हे पुस्तकातलं वाचून घेतलं, दोन-दोनदा विचारून घेतलं, म्हणून सांगतोय. पोटाचे जंतू एक जातीचे नाहीत. ई-कोलाय नावाचा जंतू तर तुमच्या-माझ्या आतड्यात कायमच राहतो, बहुतेक काही त्रास देत नाही, पण त्याच्यातल्या काही जाती नाठाळ असतात. शिगेला नावाचा आहे, त्यानं रक्ती आव पडते, मुरडा होतो. साल्मोनेला टायफी म्हणजे आपला मुदतीचा ताप. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा एक आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडं, नांदेड, किरकटवाडी भागात माणसांचे हातपाय लुळे पडायला लागले, तेव्हा त्यातल्या काही रोग्यांत हा सापडला. (ते नांदेड पुण्याजवळचं, आपलं नव्हे. आमच्या घरी पावण्यांचे फोनवर फोन आले होते.) जुलाब करणारा जंतू अंगात शिरला की अंगातली फौज त्याच्याशी लढता लढता कधीकधी आपल्याच नसांवर उलटते, असा तो आजार.

आणि काही वेळा जंतू पोटात शिरायच्या आधीच अन्नात आपलं विष करून ठेवतो. सकाळचा भात तसाच पातेल्यात झाकून रात्री वाढला, की असं होतं. खाल्ल्यावर काही तासांत उलटी सुरू होते. विष आधीच तयार झालेलं, त्याला जंतू मारायची गोळी काय करणार?

कोष्टवाडीचं तुम्हाला सांगायला नको, आपल्याच लोहा तालुक्यातली गोष्ट. ६ फेब्रुवारी २०२४, एकादशीचा दिवस. धार्मिक कार्यक्रमात पाचच्या सुमाराला भाविकांनी फराळ केला, भगर खाल्ली, आणि पहाटे उलट्या-जुलाब सुरू झाले. आजूबाजूच्या गावांतले धरून दोन हजारांच्या आसपास माणसं. लोह्याचा दवाखाना भरला, मग गाड्या भरभरून नांदेडला. भगरीला, विशेषतः तिच्या पिठाला, दमट हवेत बुरशी लवकर धरते. अन्न व औषध प्रशासन दरवर्षी सांगतं, सुटं पीठ घेऊ नका, भगर निवडून धुऊन लागेल तेवढीच दळा. पंगतीत बसणारा माणूस विश्वासानं बसतो, माउली. प्रसाद म्हणून हात पुढं करतो. त्याला नाही म्हणायची सोय नसते, म्हणून वाढणाऱ्यावर जास्त भार.

आता डब्याकडं येतो.

डब्यात काय असतं? कुणीतरी मेडिकलवरून आणून दिलेली नॉरफ्लॉक्स-टिनिडाझोलची पाकिटं, सिप्रोफ्लॉक्सासिन, कधी अझिथ्रोमायसिन. माणूस येतो, म्हणतो पोटात कळ येतीय. डबा उघडायचा, दोन गोळ्या तोडून द्यायच्या, माणूस चालायला लागला. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की राहिलेली गोळी शेजारच्याला. या पाकिटांच्या पाठीवर एक लाल उभी रेघ असते, बघितलीय का कुणी? ती रेघ म्हणजे सरकारचं सांगणं, की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ती रेघ पाकिटावरच राहते, गोळ्या दिंडीभर फिरतात.

गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुकोबारायांची पालखी आकुर्डीचा मुक्काम उरकून पिंपरीवरून पुण्याला जाते. त्याच पिंपरीत १९५४ साली सरकारनं पेनिसिलीन करायला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला. अशा औषधांनी किती लेकरं वाचली, मोजदाद नाही. पण हे औषध बाकीच्या औषधांसारखं नाही. डोकेदुखीची गोळी मी जास्त खाल्ली तर माझं बिघडेल. ही गोळी मी उगाच खाल्ली तर शेजाऱ्याचंही बिघडतं.

ते कसं, हे कापूस करणाऱ्याला सांगायची गरज नाही. २००२ ला बीटी बियाणं आलं. फवारणी कमी झाली, बोंडं टपोरी यायला लागली. पिशवीबरोबर साध्या कापसाच्या बियांची एक छोटी पुडी यायची, चहूकडून कडेनं लावायला. त्यावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा वंश मिसळावा आणि बीटी पचवणाऱ्या अळीचा जोर मोडावा, हा हिशोब होता. कित्येक शिवारांत ती पुडी लागलीच नाही. मग २०१७ ला काय झालं? बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, बीटी खाऊन गुबगुबीत. बीटीनं साध्या अळ्या मेल्या, ज्यांना ते पचलं त्या राहिल्या, आणि राहिल्या त्यांचंच शेत झालं. जंतूचं हेच आहे. फरक इतकाच की अळीला पिढी बदलायला महिना लागतो, पोटातल्या जंतूला अनुकूल मिळालं तर अर्धा तास पुरतो.

आणि एक गोष्ट अळीला फारशी येत नाही, ती जंतूला येते. जपानमध्ये १९५० नंतरच्या दशकात असे मुरड्याचे रोगी सापडायला लागले, की ज्यांचा जंतू एकदम चार-चार औषधांना दाद देईना. त्याच रोग्याच्या पोटातला साधा ई-कोलायसुद्धा त्याच चार औषधांना पुरून उरलेला. शोधल्यावर कळलं, एक जंतू दुसऱ्याला चिकटून आपली विद्या त्याला देतो. जात वेगळी असली तरी देतो. आपल्या भजनात एका टाळकऱ्यानं नवी चाल धरली की पलीकडच्या दिंडीतला ऐकून उचलतो, तसं. म्हणजे मी उगाच घेतलेल्या गोळीनं माझ्या पोटातला निरुपद्रवी जंतू शहाणा झाला, तो माझ्या शौचातून ओढ्यात गेला, ओढ्यात त्यानं ती चाल दुसऱ्या कुणा खऱ्या वैऱ्याला शिकवली. मरीआईचा गाडा आठवतो का? आपण शिवेवर सोडून आलो, पुढच्या गावात तो पोचलाच.

माळकऱ्यांना एक सांगतो. आपण कोंबडी खात नाही. पण पोल्ट्रीचं खत आपल्या शेतात ट्रॉलीनं येतं. कोंबड्यांच्या खाद्यात असली औषधं घालायची रीत होती, कोलिस्टिन नावाचं, माणसासाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषधसुद्धा. २०१९ ला सरकारनं कोंबड्या-जनावरांसाठी त्याला बंदी घातली. लिंबू-डाळिंबावर आपण स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी फवारायचो, तीही याच घराण्यातली. तेव्हा माळ घातली म्हणून आपण यातून सुटलो असं नाही.

मुदतीच्या तापाचं बघा. १९४८ ला क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि तीन-तीन आठवडे अंथरूण धरणारा माणूस आठवड्यात उठून बसू लागला. १९७२ ला केरळात कोझिकोडला असा ताप आला की त्या औषधाला दाद देईना. १९९० च्या सुमाराला आपल्या देशात जुनी तिन्ही औषधं बऱ्याच ठिकाणी निकामी झाली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, त्याचीही गत तीच झाली. पाकिस्तानात सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की त्यावर सुईनं द्यायचं मोठं औषधही चालेना. खायच्या गोळ्यांत एक अझिथ्रोमायसिन काय ती उरली. तीच आपल्या डब्यात सुटी पडलेली असते, खोकल्याला द्यायला.

आपला एक टाळकरी, नाव घेत नाही, समोरच बसलाय, मागच्या वारीत मुरूडच्या मुक्कामाला त्याला कणकण आली. डब्यातल्या दोन गोळ्या घेतल्या, ताप उतरल्यासारखा झाला, चालला. पंढरी झाली. घरी आल्यावर पुन्हा ताप. एका दवाखान्यात एक औषध, दुसऱ्यात दुसरं. अकराव्या दिवशी रक्ताचं कल्चर केलं. तो कागद मी हातात घेऊन बघितलाय. औषधांची नावं एकाखाली एक, पुढं इंग्रजी अक्षर. एस म्हणजे चालतं, आर म्हणजे चालत नाही. कागद आर-आर-आर असाच खाली जात होता, खाली दोन-तीन एस. सतरा दिवस सलाईन, दोन वेळची सुई, दारची कालवड विकली, सोयाबीनचे पैसे येण्याआधीच गेले. पांडुरंगाच्या कृपेनं आणि त्या दोन-तीन एसच्या कृपेनं माणूस आज बसलाय.

आता नीट ऐका. आपल्या दोन गोळ्यांनी त्याच्या अंगातला जंतू मुरला असं नाही. तो मुरलेलाच आला होता. कुण्या अनोळखी माणसानं, कुठल्या तरी गावी, अर्धं पाकीट खाऊन अर्धं टाकलं असेल, अशा कितीतरी अर्ध्या पाकिटांचा तो जंतू. आपल्या गोळ्यांनी ताप दोन दिवस झाकला, म्हणजे तपासणी लांबली. आपण देतो ती दोन गोळ्यांची भेट पुढं कुणाच्या दारची कालवड सोडून नेईल, ते आपल्याला कधी कळणारही नाही.

बैठकीत एक जण म्हणाला, "काहून महाराज, गोळी दिली की माणूस चालतो, हे तर डोळ्यांनी दिसतंय." कोंबडं आरवलं म्हणून उजाडत नाही, बाबा. बहुतेक जुलाब दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. त्यातले कितीतरी विषाणूंचे असतात, त्यांना ही गोळी लागूच पडत नाही. माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यानं. १९७१ ला बांगलादेशच्या लढाईत लाखो लोक बंगालात आले. बनगावच्या छावणीत पटकी सुरू झाली, सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांत भरलं, आणि नातेवाइकांनाच पेल्यानं पाजायला सांगितलं. शंभरात तीसच्या आसपास मरत होते, ते चारच्या खाली आले.

दुसरा म्हणाला, मुक्काम चुकतो, दिंडी थांबत नाही. खरं आहे. एकादशी कुणासाठी थांबत नाही. पण सामानाची गाडी कशाला आहे? आजाऱ्याला दोन दिवस गाडीत बसवा, त्याच्या वाटची वारी त्याच्या शेजारचा चालेल.

तर यंदापासून ठरलं ते असं. अँटिबायोटिकची एकही गोळी डब्यात राहणार नाही. ज्याची बीपीची, साखरेची चालू गोळी, ती त्याच्या त्याच्या पिशवीत. डब्यात ओआरएसची पाकिटं, लेकरांसाठी झिंक, थर्मामीटर आणि साबण. पाकीट संपलं तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, त्याच दिवशी संपवायचं. टँकरच्या पाण्यात हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, टाकल्यावर अर्धा तास हात लावायचा नाही. वास येतो म्हणून कुरकुर करू नका. गाडगेबाबा कीर्तनाच्या आधी गाव झाडायचे, आपल्याला नुसता वास सोसायचाय. स्वयंपाकात ज्याचं पोट बिघडलंय त्यानं त्या दिवशी कणकेला हात लावायचा नाही, मग तो कितीही जुना वारकरी असो. उरलेला भात रात्री वाढायचा नाही.

शौचातून रक्त पडलं, ताप चढला, लघवी बंद झाली, लेकरू सुस्त पडलं, तर वाट बघायची नाही. आरोग्य पथक जवळ असेल तर तिथं, नाही तर १०८ ला फोन. तिथं डॉक्टरनं जी गोळी लिहून दिली ती सांगितली तितके दिवस घ्यायची, एकही कुणाला द्यायची नाही. टायफॉइडची लसही आता आहे. नवी मुंबईत २०१८ ला महापालिकेनं लेकरांना टोचली. आपल्याकडं ज्यांना परवडते त्यांनी डॉक्टरला विचारावं.

डब्याची किल्ली तुळशीवाल्या मावशींकडं दिली आहे. गोळी मागायला जाल तर आधी त्या एक तांब्या मीठ-साखरेचं पाणी पाजतील आणि तो रिकामा झाल्याशिवाय तिथून उठू देणार नाहीत. त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडं येऊ नका.

रामकृष्ण हरी.