थांबण्याची ऐपत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण पंधरा मिनिटांत आटप. त्यानंतर वांग्याचं भरीत आहे." खानदेशात भरितासमोर आजवर कुणाचं भाषण टिकलंय? म्हणून वेळ पाळते.

आपण 1986 साली दहावी झालो. तुमच्यापैकी कुणी बँकेत गेलं, कुणी डॉक्टर झालं, कुणी जळगावला डाळीच्या व्यापारात, कुणी पुण्या-मुंबईला. मी 1999 पासून एका सामाजिक संस्थेत बचत गटांचं काम बघते. पारोळा, अमळनेर, धुळे आणि साक्री तालुक्यांतली गावं माझ्याकडे आहेत. नातेवाईक अजून विचारतात, "म्हणजे नक्की करतेस काय?" आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आधी अमळनेरची गोष्ट. ती तुम्हाला माहीतच आहे. 1945 साली तिथं वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली, तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या काही घरांनी जुने शेअर विकले नाहीत आणि ती घरं कोट्यधीश झाली. आपण म्हणतो, काय दूरदृष्टी! पण दुष्काळात नाहीतर मुलीच्या लग्नात ज्यांना हातातलं विकावं लागलं, त्यांना काय अक्कल कमी होती? त्यांना थांबणं परवडलं नाही, एवढंच. माझ्या कामाचं एका ओळीत वर्णन करायचं तर मी एवढंच म्हणेन, की घराला थांबता यावं म्हणून आम्ही धडपडतो.

थांबता आलं नाही की काय होतं, ते बघा. तीन एकर कोरडवाहू शेतीचं घर. कापूस दसऱ्या-दिवाळीत घरात येतो. पण पावसाळ्यात पोराच्या तापापायी पाच हजार रुपये उसने घेतलेले असतात, शेकडा दहा रुपये महिन्यानं. म्हणजे महिन्याला पाचशे रुपये व्याज. दहा महिने भरलं की पाच हजार गेले आणि मुद्दल जागच्या जागी. मग खेडा खरेदीवाला दारात आला, की तो म्हणेल त्या भावाला कापूस काट्यावर चढतो. ओला म्हणून कट्टी वेगळी. तेच पाच हजार गटातून शेकडा दोननं मिळाले, तर महिन्याचं व्याज शंभर रुपये होतं. शिवाय ते व्याज गटातच राहतं, म्हणजे शेवटी त्याच बायकांचं होतं.

गट म्हणजे काही जादू नाही. दहा ते वीस बाया एकत्र येतात. आम्ही सुरुवात केली तेव्हा महिन्याला वीस रुपये बचत असायची. बारा बायांचे दोनशे चाळीस. नाबार्डनं 1992 साली बचत गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला होता. त्यामुळे गट सहा महिने नीट चालला की बँकेच्या दारात उभं राहायची सोय झाली. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासूनचं, आणि 2011 पासून 'उमेद' अभियान आलं. नियम पाचच: नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. आम्ही याला पंचसूत्री म्हणतो. सुरुवातीला बँकेचे साहेब आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवायचे. आज आपल्या वर्गातले दोन साहेब समोर बसलेत, म्हणून जास्त बोलत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभी राहिले, ती सांगते. ती मी आजवर अहवालात लिहिली आहे, पण व्यासपीठावरून कधी बोलले नाही.

2015 सालची गोष्ट. आमच्या गटांची परतफेड जवळजवळ शंभर टक्के होती. देणगीदार खूश, बँक खूश, मीही खूश. वार्षिक मेळाव्यात आम्ही पारोळा तालुक्यातल्या एका ताईचा साडी-नारळ देऊन सत्कार केला. तिचा एकही हप्ता चुकला नव्हता. मीच माईकवरून तिचं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. ताई खाली बघत उभी होती. मला वाटलं, लाजतेय.

दिवाळीनंतर त्या गावात बैठकीला गेले तर ताई नाही. शेजारणीला विचारलं, ती म्हणाली, "बठ्ठं बरं शे." आपल्याकडे हे उत्तर कसं येतं, तुम्हाला माहीत आहे. घरात काहीही पेटलेलं असो, पाहुण्याला बठ्ठं बरंच असतं. मी तिच्या घराकडे गेले. दाराला कुलूप. ओट्यावर म्हातारी सासू आणि एक शेळी. सासूकडून हळूहळू कळलं. ताईनं गटाशिवाय तीन ठिकाणांहून कर्ज घेतलं होतं, आठवड्याच्या हप्त्याचं. एकाचा हप्ता भरायला दुसरं, दुसऱ्याचा भरायला तिसरं. शेवटी नवऱ्यानं मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतली आणि सगळे हप्ते भरून टाकले. आमचाही. मग उचल फेडायला घर निघालं तोडीला. आठवीतल्या मुलीलाही बरोबर नेलं, कारण मोळ्या बांधायला आणि धाकट्या भावाला सांभाळायला कुणी तरी हवं होतं.

मी त्या ओट्यावर बसून राहिले. आमच्या रजिस्टरमध्ये त्या महिन्यात ताईच्या नावापुढे बरोबरची खूण होती. आमचा हप्ता वेळेवर आला होता, आणि तो त्या पोरीच्या शाळेनं भरला होता.

परत येताना एस.टी.त मला आपला वर्ग आठवला. खोटं नाही सांगत. आठवीत पोळ्यानंतर माझ्या शेजारची जागा रिकामी झाली होती. मुलींपैकी कुणाकुणाला आठवत असेल. पाढे म्हणण्यात ती आपल्या सगळ्यांच्या पुढे होती. आजच्या यादीत तिचं नाव नाही, कारण यादी दहावीच्या हजेरीपटावरून केली आहे. तेव्हा आपले गणिताचे सर हजेरी झाली की पट मिटत नसत. "कोण आलं नाही?" असं विचारायचे आणि संध्याकाळी सायकल काढून त्या घरी जायचे. तिच्याही घरी तीनदा गेले. तिसऱ्यांदा घरच कामासाठी सुरतेकडे गेलं होतं. मी मात्र सोळा वर्षं फक्त 'कोण आलं' तेच मोजत होते. हप्ता आला, खूण केली, पट मिटला.

संस्थेच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. एक जण म्हणाले, "आपण कर्ज दिलं, त्यांनी फेडलं. कशातून फेडलं हा त्यांचा प्रश्न." कागदावर ते बरोबर होतं. पण मग आम्ही कार्यक्रम कशासाठी चालवतो? बराच वाद झाला. शेवटी कामाची पद्धत बदलायचं ठरलं. त्या वर्षी देणगीदाराला जाणाऱ्या अहवालात हा प्रकारही लिहिला. एक देणगी त्यानंतर थांबली, ते सोसलं.

काय बदललं? पहिलं, कर्ज देण्याआधी गटातच घराचं वर्षाचं गणित मांडतो. जूनमध्ये बियाणं आणि वह्या-पुस्तकं, श्रावण-भादव्यात आजारपण, दिवाळीत पीक हातात, आखाजीला लेकी माहेरी येतात तेव्हाचा खर्च, मग लग्नसराई. पैसा येतो दोन-तीन महिन्यांत, जातो बाराही महिने. ज्या महिन्यात घरात पैसा नाही, त्या महिन्यात मोठा हप्ता ठेवायचा नाही. दुसरं, बाहेरची सगळी कर्जं उघडपणे सांगायची. पुढे 2022 साली रिझर्व्ह बँकेनंच नियम केला, की लहान कर्जं देणाऱ्यांनी घराच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ देऊ नये. आमच्या बायांना हे 'निम्म्याचा नियम' म्हणून तोंडपाठ आहे.

तिसरं, प्रत्येक गटात अडीनडीची पेटी. त्यातून बैठकीची वाट न बघता, दोघींच्या सहीनं, त्याच दिवशी पैसे मिळतात. सावकाराकडे माणूस व्याज स्वस्त म्हणून जात नाही. तो रात्री दहाला दार उघडतो, म्हणून जातो. चौथं, विमा. वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि 436 रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा, या सरकारी योजना बँक खात्यातूनच मिळतात. खातं असतं, पण फॉर्म कुणी भरलेला नसतो. आणि पाचवं, सरांचं. बैठकीच्या शेवटी विचारायचं, "कोण आलं नाही?" आणि घरातल्या मुलांपैकी कोण शाळेत नाही, तेही.

यातून सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. परतफेडीचा आकडा खाली आला. काही हप्ते पुढे ढकलले जातात, काही घरं तरीही तोडीला जातात. एका ताईनं गेल्या काही वर्षांत पहिल्यांदा कापूस दिवाळीत न विकता ठेवला. त्या वर्षी भाव वाढला. पुढच्या वर्षी ठेवला, तर पडला. मी घाबरत तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "पडला तर पडला ताई, पण कधी विकायचा ते मी ठरवलं ना." मला हे उत्तर भाव वाढण्यापेक्षा मोठं वाटतं.

त्या सत्कार झालेल्या ताईचं घर उन्हाळ्यात परत आलं. मुलगी शाळेत परतली नाही. आम्ही खूप सांगितलं, सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला, पण तोवर उशीर झाला होता. तिची धाकटी बहीण मात्र आज बारावीला आहे. ताईनं ती साडी कधी नेसली की नाही, मी विचारलं नाही.

मित्रांनो, मी तुमच्याकडे देणगी मागायला आलेले नाही. दोन-तीनच गोष्टी मागते. जे बँकेत आहेत त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा आणि आमच्या बायांबरोबर बसून त्यांचे कर्जाचे कागद वाचून दाखवावेत. ज्यांची शेती किंवा दुकान आहे, त्यांनी आपल्या मजुराला अडचणीत पैसे दिले तर व्याज किती आणि फेड कशी, हे लिहून द्यावं. तोंडी हिशेबात नेहमी एकाच बाजूचं नुकसान होतं. आणि जे शिक्षक झालेत, त्यांनी दिवाळीनंतर कुठली मुलं आली नाहीत, ते आम्हाला कळवावं. आम्ही त्या घरी जाऊ.

आणि एक काम आपल्या सगळ्यांचं. पुढच्या मेळाव्याची यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करू या. दहावीपर्यंत जे पोहोचले नाहीत, तेही आपलेच वर्गमित्र आहेत. माझ्या शेजारी बसणारीचा पत्ता मी शोधते आहे. कुणाला सुरतेकडची काही माहिती असेल तर जेवताना मला नक्की सांगा.

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. सायकलवरच्या त्या फेऱ्यांचं पुढे काय झालं, असं तुम्हाला कधी वाटलं असेल, तर त्यातली एक फेरी अजून चालू आहे.

चला, भरीत थंड होतंय.