मागच्या रांगेतली गिटार
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'सध्या काय करतेस?' एवढाच विषय मला दिला आहे. नोकरीबद्दल काय सांगायचं? आपल्यातले बरेच जण तीच करतात. म्हणून संध्याकाळी काय करते ते सांगते. मी बास गिटार वाजवते. त्या कोपऱ्यात उभी केलेली काळी, दोन शिंगांची गिटार बघून मघाशी काहींनी विचारलं, "ही कुणाच्या मुलाची?" ती माझी आहे.

गोष्ट सुरू होते ती आपल्या सातवीत, समूहगीताच्या तालमीत. "तुझा आवाज जाड आहे, मागे उभी राहा, जरा हळू म्हण," असं मला सांगण्यात आलं. त्यात खोटं काही नव्हतं, आवाज जाडच होता. पण सांगितलं होतं 'हळू म्हण' आणि मी ऐकलं 'म्हणू नकोस'. त्यानंतर तीस वर्षं मी गायले नाही. सहलीच्या बसमध्ये अंताक्षरी रंगली की मी गुण लिहायला बसायचे, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

त्रेचाळिसाव्या वर्षी लेकीला गिटारच्या क्लासला सोडून मी बाहेर बाकावर बसायचे. बारीक सूर भिंतीत अडतात, खालचे सूर आरपार येतात. त्यामुळे मला आतलं फक्त बासच ऐकू यायचं. एक दिवस वाटलं, हा तर माझ्याच पट्टीतला आवाज आहे. वाजवावा.

पुण्यातल्या एका दुकानात गेले. विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, मुलासाठी बघताय?" "नाही, माझ्यासाठी." "कोणती गाणी वाजवणार?" म्हटलं, जुनी हिंदी गाणी, भावगीतं, जमलं तर भजनं. त्याने मला तपकिरी, सोज्वळ दिसणाऱ्या गिटारी दाखवल्या. माझी नजर भिंतीवरच्या काळीवर होती. तो म्हणाला, "ती नको, ती मेटलवाल्यांची आहे."

आता मी पडले इंजिनिअर. 'मेटलची' म्हणजे नेमकं काय, हे सुटं करून पाहायचं ठरवलं. मेटलमध्ये बाकीच्या गिटारी खरखरीत आणि खूप मोठ्या वाजतात, ड्रमवाला दोन्ही पायांनी बडवत असतो. त्या गदारोळात बास ऐकू यावा म्हणून तिचे पिकअप, म्हणजे तारांचं थरथरणं पकडणारी चुंबकं, जोरकस असतात. आत नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं सर्किट असतं. मान बारीक असते आणि बऱ्याचदा खालच्या सुरांसाठी पाचवी तार असते. उरलं काय? काळा रंग आणि शिंगं.

यातलं भावगीताला काय आडवं येतं? काहीच नाही! तीक्ष्णपणाचं बटण खाली आणायचं, मानेजवळचा पिकअप वापरायचा आणि बोटं पुलाजवळ न चालवता मानेच्या बाजूला चालवायची. एवढ्यावर निम्मं काम होतं. उरलेलं काम तारा करतात. नेहमीच्या तारांवर गोल वेढे असतात, त्या खणखणतात. चपट्या वेढ्यांच्या तारा मिळतात, त्या गुळगुळीत असतात आणि आवाज मऊ, थोडा दबका देतात. पुलापाशी तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवला की सूर लांबत नाही. ढोलकीच्या गाण्यात हे फार उपयोगी पडतं, कारण बासचा सूर रेंगाळला तर ढोलकीची धुमपुडी त्यात बुडून जाते.

आणि हे शिक्के किती पोकळ असतात बघा. १९५१ साली लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास बाजारात आणला. अमेरिकेत मोटाउनच्या गाण्यांत जेम्स जेमर्सन तोच वाजवायचे, चपट्या तारा लावून. आणि आयर्न मेडन या मेटल बँडचे स्टीव्ह हॅरिस? तेही प्रिसिजनच वाजवतात, तेही चपट्या तारांवर. उलट, आज मेटलची म्हणून ओळखली जाणारी व्ही आकाराची गिटार गिब्सनने १९५८ साली काढली, तेव्हा मेटल जन्मालाही आलं नव्हतं. ती घेऊन अल्बर्ट किंग आयुष्यभर ब्लूज वाजवत राहिले.

म्हणून मी रंग सोडून शरीराला विचारलं. सोज्वळ गिटार जड होती. वीस वर्षं संगणकासमोर बसलेल्या माझ्या मानेने पाच मिनिटांत नकार दिला. व्ही आकाराची एक होती, ती बसल्यावर मांडीवरून घसरायची. काळी हलकी निघाली, बारीक मान माझ्या लहान पंजात बसली. वरचं शिंग लांब असल्यामुळे पट्टा पुढे अडकतो आणि हात सोडला तरी मान खाली झुकत नाही. दिसायला दांडगट असलेलं ते शिंग खरं तर तोल सांभाळायला आहे!

पाचव्या तारेचा उपयोग तर मला नंतर कळला. चार तारांच्या बासचा सर्वांत खालचा सूर पांढरी तीनचा. आपला गायक मित्र गातो काळी एकमध्ये, म्हणजे त्याचा खालचा षड्ज त्या बासवर मिळतच नाही. पाचव्या तारेवर मिळतो. मेटलच्या अंधारासाठी लावलेली तार आमच्याकडे भजनाचा सा धरून बसते.

दोन तोटेही सांगते. बॅटरी संपली की गिटार एकदम मुकी होते. वायर खोचून ठेवली तर न वाजवताही बॅटरी उतरत राहते. आणि भजनाला गेलं की पहिली दहा मिनिटं लोक गिटारकडे बघतात, गाण्याकडे नाही. मग विसरतात.

गेल्या वर्षीपासून आपली पाच जणांची मंडळी दर रविवारी जमते. एकदा तालमीत कोरसला माणूस कमी होता. हातात बास होता, लक्ष बोटांवर होतं आणि मी कधी गायला लागले ते मलाच कळलं नाही. कुणी हळू म्हण म्हणालं नाही. गाणं संपल्यावर पेटीवाली एवढंच म्हणाली, "खालचा सूर भरला गं." घरी जाताना गाडी बाजूला घेऊन मी पाच मिनिटं थांबले होते.

आज चहानंतर आम्ही चार गाणी सादर करणार आहोत. मी मागच्याच रांगेत उभी असेन, या वेळी स्वतःहून. माइक मात्र मागून घेतला आहे. आणि मध्येच बास ऐकू येईनासा झाला तर समजा, बॅटरी गेली. मी गातच असेन.