पांढरीतलं धन

सज्जनहो, गोरोबाकाकांचं तेर आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं. काकांच्या समाधीला आपण जातो, माथा टेकतो, परत येतो. पण गावाजवळ मातीची जुनी टेकाडं आहेत, त्यांच्याकडं किती जण बघतात? पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेरची पांढरी दोन हजार वर्षांची. घर पडलं, त्यावर घर बसलं; असे थरावर थर.

या पांढरीची भूल मोठी. माझं आजोळ त्याच भागातलं. पहिला पाऊस झाला की टेकाडावर मणी सापडायचे. लोक म्हणायचे, मणी उगवतात! पोटात धनाचा हंडा आहे, त्यावर नाग बसलाय, पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की हंडा दिसतो. माझ्या आजोबांनी एका अमावास्येला असा पायाळू नेला. रात्रभर खणलं. जुनी विटांची भिंत लागली, ती कुदळीनं फोडली. आत काय? खापऱ्या! आजोबांनी त्या रागारागानं ओढ्यात भिरकावल्या.

पुढं विद्वान मंडळी आली. तेरला 1958 साली उत्खनन झालं, नंतरही झालं. अशाच एका खोदाईच्या वेळची गोष्ट आजोबा सांगायचे. दोऱ्या बांधून चौकोन आखायचे, कुंच्यानं माती झाडायची, वहीत लिहायचं. गावात कुजबुज सुरू झाली : हे आपला हंडा न्यायला आलेत. आजोबांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. शेवटी एक दिवस राहवलं नाही, म्हणून विचारलं, "सायेब, सोनं किती निघालं?"

त्या माणसानं तळहातावर खापरीचा तुकडा धरला. म्हणाला, "बाबा, सोनं ते हेच. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं तगर नगराबद्दल लिहून ठेवलंय. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचं. तेच तुमचं तेर. पण ही खापरी कुठल्या थरात होती, कुठल्या भिंतीशी होती, हे कळलं तरच ती बोलते. नुसती उपसली की मुकी."

त्या रात्री आजोबा जेवले नाहीत. म्हातारपणी मला म्हणाले, "लेका, नागाला भ्यालो, विद्वानाला भ्यालो, आणि धन तर मीच ओढ्यात टाकलं."

सज्जनहो, इथं काकांची कथा आठवते. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाई म्हणाल्या, काका, तुम्ही कुंभार. यातलं कच्चं मडकं कोणतं ते सांगा. काकांनी थापटणं घेतलं, एकेकाच्या डोक्यावर हाणत गेले. सगळे शांत बसले. नामदेवराय मात्र रागावले. मी देवाचा लाडका, मला मारता? काका म्हणाले, हेच मडकं कच्चं! नामदेवांना लागलं; पण ते रुसून बसले नाहीत. विसोबा खेचरांना शरण गेले आणि पक्के झाले.

पारखणारा दारात आला की आपल्याला राग येतो. आपलं काही नेईल असं वाटतं. अहो, तो थापटणं घेऊन आलेला असतो! आणि विद्वानांनाही हात जोडून सांगतो, थापटणं हातात असलं म्हणजे आपलं मडकं भाजलं, असं नव्हे. गावकऱ्याला अडाणी म्हणाल तर तुमचंही कच्चंच. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी या मातीतल्या हजारो वस्तू जपल्या. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय गावात आहे. तिथं हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक दूर इटलीत, राखेखाली गाडलेल्या पॉम्पेई नगरात सापडली. एवढं धन कुठल्या हंड्यात मावेल?

तेव्हा आता तेरला जाल तेव्हा समाधीवर माथा टेका, संग्रहालयही बघा. टेकाडावर मणी दिसला तर खिशात घालू नका, दाखवून द्या. पांढरी काय आणि पंढरी काय, तिथं घ्यायला गेलेला रिकामा येतो; वाकून बघणाऱ्याला सगळं दिसतं. रामकृष्ण हरी!